लिव्हरवरचं लाल कडं

गाडी मध्येच थांबली की लोक ज्याला शिव्या घालतात, तो माणूस त्यांना कधी दिसत नाही. तो असतो वर सिग्नलच्या केबिनमध्ये, चौदा पायऱ्या चढून गेल्यावर, सोळा लिव्हरांच्या रांगेसमोर उभा. त्या वर्षी तर शिव्यांना नुसता ऊत आला होता. एकेरी लाइन दुहेरी करायची, वर विजेच्या तारा ओढायच्या, असं मोठं काम निघालं होतं. साहेबलोकांनी आठ महिन्यांत आटपतो म्हणून सांगितलेलं ते काम दुसऱ्या वर्षात शिरलं होतं. सकाळच्या तीन गाड्यांची एक झाली. तीही शहरापर्यंत जायची नाही. जंक्शनला सगळ्यांना उतरवायचं आणि पुढे बसमध्ये कोंबायचं. स्टेशनवर हा एवढा फलक लावला होता, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. नक्की कोण दिलगीर आहे, ते काही त्यावर लिहिलेलं नव्हतं.

आपल्या केबिनवाल्याची तर दोन्हीकडून पंचाईत. लाइन नवी झाली की त्याची केबिनच पाडणार होते. तोवर मात्र रोज सकाळी कामगारांच्या टोळ्या रुळांवर उतरायच्या आणि त्या माणसांचे जीव याच्या हातात.

त्यासाठी एक रीत होती. केबिनमध्ये खिळ्याला एक पितळी बिल्ला टांगलेला असे. टोळीच्या मुकादमाने वर यायचं, रजिस्टरमध्ये सही करून तो बिल्ला घ्यायचा आणि मग माणसं लाइनवर उतरवायची. तो जिना उतरला की केबिनवाला सात नंबरच्या लिव्हरवर एक लोखंडी लाल कडं चढवायचा. कडं असलं की लिव्हर ओढता येत नाही, सिग्नल पडत नाही, गाडी पुढे जात नाही. काम झालं की मुकादमाने स्वतः बिल्ला आणून द्यायचा, वेळ टाकून सही करायची, आणि मगच कडं निघायचं. बिल्ला खिळ्यावर असेल तर लाइन गाडीची. बिल्ला मुकादमाच्या खिशात असेल तर लाइन माणसांची. सव्वीस वर्षांत केबिनवाल्याने यात एकदाही चूक केली नव्हती. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला ‘नियमावली’ म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं. मनातून आवडायचंही.

आणि टोळीचा मुकादम कोण? तर त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मनाने लोण्यासारखा, पण डोकं सदा चार ठिकाणी. मागच्याच महिन्यात हा पठ्ठ्या बिल्ला जेवणाच्या डब्यात ठेवून विसरला, गाडी अकरा मिनिटं लटकली, आणि वरून लेखी ताकीद आली: पुन्हा असं झालं तर घरी बसा. घरी दोन लहान पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तेव्हापासून तो बिल्ला कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला लागला होता, छातीपाशी, म्हणजे विसरायला नको.

केबिनवाल्याला एकच मुलगी. लहानपणी घरभर गरगरत असायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बाविसावं लागलं तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. चित्र काढताना तिचा हात असा स्वच्छ की बघत राहावं. बापाच्या रजिस्टरातल्या सरळ रेघा बघून बघून ती रेघा काढायला शिकली होती. शहरात नकाशाकाम शिकवणारी सरकारी शाळा होती. वीस जागा, आणि वयाची अट बावीसची. म्हणजे भिंगरीला हीच एक संधी. मुलाखतीचं पत्र आलं: गुरुवारी दुपारी बाराच्या आत, मूळ चित्रं घेऊन हजर राहणे.

“मी बुधवारीच जाऊन राहते कुठेतरी,” भिंगरी म्हणाली होती. “या गाड्यांचा काही भरवसा नाही.”

“गाड्यांचा नसेल,” केबिनवाला म्हणाला. “माझा आहे ना? आठ बावन्नला तुझी गाडी माझ्या सिग्नलवर येईल आणि त्रेपन्नला सुटेल. जंक्शनला पावणेदहाची बस आरामात मिळेल. उगाच परक्या गावात कुणाच्या दारात कशाला राहायचं?”

झालं. बापाचा शब्द म्हणून ती राहिली.

गुरुवारी पहाटेच मुकादम बिल्ला घेऊन गेला. पुलापाशी रुळांखालचे स्लीपर बदलायचे होते. तो आणि सात माणसं, रजिस्टरमध्ये तशी नोंद. काम साडेआठच्या आत संपवायचं होतं. केबिनवाल्याने कडं चढवलं, चहाचा पेला भरून घेतला आणि खिडकीत उभा राहिला. पूल खिडकीतून दिसत नसे. मध्ये डोंगर कापून काढलेली खिंड होती आणि तिथून लाइन वळायची. तेव्हा अजून खिशाखिशात फोन आले नव्हते. मुकादम येईपर्यंत पलीकडे काय चाललंय ते समजायला मार्ग नव्हता.

साडेआठ झाले. मुकादम आला नाही. पावणेनऊ झाले. आठ बावन्नला स्टेशनच्या बाजूने शिट्टी झाली, आणि भिंगरीची गाडी सिग्नलपाशी येऊन उभी राहिली.

केबिनवाल्याने खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा.

पहिली पाच मिनिटं त्याला राग आला, दुसरं काही नाही. येऊ दे वर, बघतोच याला, असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा. मग कंट्रोलचा फोन आला. कंट्रोलमधल्या साहेबाचा आवाज सकाळपासूनच तापलेला असे.

“काय झोपा काढताय का तिथे?”

“बिल्ला आलेला नाही, साहेब.”

“अहो, काम साडेआठला संपायचं होतं. संपलंच असणार. कडं काढा आणि सोडा गाडी. मी सांगतोय.”

“लेखी द्या साहेब. नाव, हुद्दा, वेळ. मी उतरवून घेतो.”

पलीकडे फोन खाली आपटल्याचा आवाज आला. हा आवाज केबिनवाल्याच्या ओळखीचा होता. तोंडी सांगणारे ढीगभर भेटतात.

नऊ वाजून दोन मिनिटांनी इंजिनातला मदतनीस खडी तुडवत केबिनपाशी आला. केबिनवाल्याने त्याला वरूनच सांगितलं, “बाबा रे, एक काम कर. खिंडीतून पुलापर्यंत जा आणि माणसं लाइनवर आहेत का बघून ये. मला केबिन सोडता येत नाही.”

मदतनीस गेला. चारशे पावलांवर गाडी उभी होती. तिसऱ्या डब्याच्या खिडक्यांतून माणसं माना बाहेर काढून बघत होती. केबिनवाल्याने त्यांच्यात भिंगरी शोधली, पण उन्हाने नीट दिसेना. ती हातात चित्रांची गुंडाळी धरून बसली असेल. मनातल्या मनात बसचा हिशेब मांडत असेल. इथून जंक्शन पंचवीस मिनिटं. नऊ वीसला जरी सुटली तरी कशीबशी मिळेल. नऊ वीस, त्याने स्वतःला बजावलं. तोवर नक्की येईल हा गाढव.

नऊ वीसला मदतनीस घामाघूम होऊन परत आला.

“माणसं पाण्याच्या टाकीपाशी बसलीयेत. चहा पितायत. लाइन मोकळी आहे.”

“किती माणसं?”

“सहा.”

“सात हवीत. आणि मुकादम?”

“मुकादम नाही. म्हणाले, तो बिल्ला द्यायला गेला कधीचाच.”

 केबिनपाशी तो आलेला नव्हता. मग बिल्ला द्यायला निघालेला माणूस गेला कुठे? पुलापासून केबिनपर्यंत खिंड, खिंडीत रूळ, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना उभे कडे. पाय घसरून पडला असेल. चक्कर आली असेल. वळणावर पडला असेल तर ड्रायव्हरला दिसायच्या आत चाकं वरून जातील. मदतनिसाला काही दिसलं नाही, पण त्याचं तरी लक्ष कुठे होतं? आणि तो सातवा माणूस?

आता खरं सांगायचं तर केबिनवाल्याचं निम्मं मन म्हणत होतं की काही झालेलं नाही. मेहुणा पुन्हा विसरला, बस्स. मागच्या महिन्यासारखा. तो सात नंबरपाशी गेला. कड्यावर हात ठेवला. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं. काढायला काही जोर लागत नाही, दोन बोटांनी निघतं. पोरीचं अख्खं आयुष्य त्या दोन बोटांशी येऊन थांबलं होतं. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडणारा तो माणूस नव्हे.

पण उरलेलं निम्मं मन त्या खिंडीत रुळांवर आडवं पडलेल्या मेहुण्याकडे बघत होतं. हात तसाच राहिला. नऊ पंचवीस झाले, नऊ तीस झाले. बस गेली, हे त्याला कळलं. कळल्यावरही हात काही हलला नाही.

नऊ चौतीसला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि मुकादम आत आला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्याने आतल्या खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“माणसं?” केबिनवाल्याने विचारलं.

“सगळी बाहेर आहेत भाऊजी. सव्वाआठलाच बाहेर काढली मी. एकजण गावात बिड्या आणायला गेलाय.”

“आणि तू? तू कुठे मेला होतास?”

 मुकादमाने खिडकीतून उभ्या गाडीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“गाडीत,” तो म्हणाला.

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. काम लवकर आटपलं होतं. तेवढ्यात सामानाचा ट्रक स्टेशनकडे निघाला. भाची एवढ्या मोठ्या मुलाखतीला चाललीय, तिच्या हातात घड्याळ नाही, हे त्याच्या मनात कालपासून सलत होतं. आपलं घड्याळ तिच्या मनगटावर बांधायचं, चार शब्द बोलायचे आणि तिच्याच गाडीतून परत यायचं, गाडी केबिनपाशी थांबतेच, असा सरळ बेत. माणसांना म्हणाला, “येतो बिल्ला देऊन,” आणि तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न मारला. तो जो ट्रकमध्ये चढला तो बिल्ला विसरलाच. गाडी सिग्नलला अडली तेव्हा तोच डब्यात सगळ्यांना सांगत होता, आमचे भाऊजी म्हणजे ना, नियमावली. अर्धा तास तो भाचीला धीर देत बसला. घाम पुसायला रुमाल काढायला गेला आणि बोटांना पितळ लागलं.

“तिला सांगितलंस?”

“नाही. म्हटलं, बघतो तुझ्या बापाचं काय चाललंय ते. आणि उडी मारली.”

केबिनवाल्याला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तो पोरीच्या शेजारी बसून गप्पा मारत होता. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच वेळी, हा जिवंत आहे म्हणून हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाही राग आला.  त्याने बिल्ला खिळ्याला लावला, कडं काढलं आणि लिव्हर ओढली. गाडी केबिनखालून गेली तेव्हा भिंगरी खिडकीत होती. तिने वर बघून हात हलवला. मनगटावरचं घड्याळ तिला मोठं होत होतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की मुकादमाची सही घ्यायची राहिली. त्याने सही घेतली. वेळेचा रकाना मात्र मोकळाच राहू दिला. दुपारच्या पाळीवाल्याने ते बघून भुवया उंचावल्या. “उद्या भरतो,” केबिनवाला म्हणाला. सव्वीस वर्षांत उद्यावर टाकलेली ही पहिली नोंद.

संध्याकाळी भिंगरी घरी आली. आईने पुढे केलेला पेला तिने घेतला आणि मोरीच्या कठड्यावरच टेकली. मुकादम आधीच येऊन कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. ती पावणेदोनला पोचली होती. दार बंद. एकोणीस जागा भरल्या होत्या, एक उरली होती, पण तिथल्या बाई म्हणाल्या, लाइनचं काम चालू आहे हे वर्षभर सगळीकडे छापून येतंय, ते कारण चालणार नाही. अचानक काही बिघाड झाला असेल, कुणाची चूक झाली असेल, तर रेल्वेची तशी लेखी चिठ्ठी शनिवारपर्यंत आण. मग बघू.

“मी त्यांना सांगितलं,” भिंगरी म्हणाली, “माझे बाबाच केबिनवर असतात. ते उगाच गाडी थांबवणारे नाहीत. कुणीतरी लाइनवर असणार. हो ना बाबा? कोण होतं?”

मुकादमाने तोंड उघडलं. त्याच्या बहिणीने त्याच्याकडे बघितलं. दुपारीच तो तिच्यापुढे सगळं ओकून मोकळा झाला होता.

“उद्या चिठ्ठी आणतो,” केबिनवाला म्हणाला. “तू जेवून घे.”

भिंगरी आत गेल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली, “अहो, मी काय सांगू तुम्हाला? एक माझी पोर, एक माझा भाऊ.”

“भाऊजी, खरं ते लिहा,” मुकादम म्हणाला. “माझं मी बघेन.”

“काय बघशील? डोंबल?” केबिनवाला म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

सकाळी सहाला त्याने रजिस्टर उघडलं. खरं लिहिलं तर पोरीला चिठ्ठी मिळत होती आणि मेहुण्याचं घर बसत होतं. ‘काम चालू असल्यामुळे’ असं गुळमुळीत लिहिलं तर मेहुणा वाचत होता आणि पोर जात होती. आणखी एक वाट होती. ती त्याला रात्रीच दिसली होती, आणि रात्रभर त्याने तिच्याकडे पाठ फिरवली होती. त्याने पेन झटकलं आणि रकान्यात आपल्या नेहमीच्या सुरेख अक्षरात वेळ घातली: ८.२०. खाली लिहिलं, ‘बिल्ला वेळेत परत आला होता. मी तो खणात ठेवला आणि विसरलो. कडं काढायचं राहून गेलं. चूक सर्वस्वी माझी.’

स्टेशनमास्तरांनी ते दोनदा वाचलं.

“तू?” ते म्हणाले. “तू विसरलास?”

“वय झालं, साहेब.”

मास्तरांनी रजिस्टर मिटलं. त्यांनाही मुली होत्या. चिठ्ठी लिहून शिक्का मारला आणि दुसऱ्या कागदावर त्याला केबिनवरून काढून सामानाच्या कोठारात पाठवल्याचा हुकूम लिहिला. दोन्ही कागद एकाच वेळी त्याच्या हातात दिले.

घरी भिंगरीने चिठ्ठी उभ्यानेच वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“तुम्ही विसरलात?”

“हो.”

“बिल्ला खणात होता, आणि मी तिथे बेचाळीस मिनिटं...”  तिने चिठ्ठीची घडी घातली. “लाइनवर कुणी असतं ना बाबा, तर माझी जागा गेली असती तरी मला चाललं असतं. मी अभिमानाने सांगितलं होतं हो त्या बाईंना.”

मुकादम स्टुलावरून उठला. “भिंगरे, ऐक...”

“बस खाली,” केबिनवाला म्हणाला. इतकं कडक तो घरात कधी बोलत नसे. मुकादम बसला. आईने पदर तोंडाला लावला आणि उगाचच गॅस बारीक केला.

शनिवारी सकाळी भिंगरी चित्रांची गुंडाळी काखेत घेऊन तयार झाली. बाप आधीच चपला घालून दारात उभा होता. आता सकाळची पाळी नव्हती, कोठार दहाला उघडायचं. जंक्शनपर्यंत सोबत करू, बसमध्ये जागा धरून देऊ, असं त्याच्या मनात होतं.

“तुम्ही राहू द्या बाबा,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग वळून मुकादमाला म्हणाली, “मामा, तू येतोस का माझ्याबरोबर? तू असलास म्हणजे मला काळजी नाही.”

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने केबिनवाल्याकडे बघितलं. केबिनवाल्याने मानेने जा म्हणून खूण केली.

ती दोघं गेल्यावर तो पाठोपाठ स्टेशनवर गेला आणि फलाटाच्या टोकाला, फलकामागे उभा राहिला. गाडी वेळेवर सुटली. तो तिथेच थांबला. सतरा मिनिटांनी स्टेशनच्या खोलीतली घंटा वाजली, म्हणजे गाडी केबिन ओलांडून खिंडीत शिरली. नव्या केबिनवाल्याने तिला एक मिनिटही थांबवलं नव्हतं. मग तो कोठाराकडे चालायला लागला.